वर्णद्वेषाचा जमाखर्च

मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात नगरपालिकेचे पाच पोहण्याचे तलाव होते. चार गोऱ्यांसाठी, एक कृष्णवर्णीयांसाठी. सार्वजनिक सोयींमधला हा भेद बेकायदा आहे असे न्यायालयाने सांगितल्यावर शहराने बागा, प्राणिसंग्रहालय, गोल्फची मैदाने मुकाट्याने सगळ्यांना खुली केली. तलावांच्या बाबतीत मात्र घोडे अडले. चार तलाव बंद करण्यात आले आणि भाडेपट्ट्याने घेतलेला पाचवा मूळ मालक संस्थेला परत देण्यात आला. कृष्णवर्णीय नागरिक पुन्हा न्यायालयात गेले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : तलाव गोऱ्यांनाही बंद आहेत आणि कृष्णवर्णीयांनाही, म्हणजे कोणावर अन्याय झालेला नाही.

कायद्याच्या भाषेत हा युक्तिवाद चालून गेला. जमाखर्चाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की गोऱ्या करदात्यांनी आपल्याच पैशाने बांधलेली सोय आपल्याच हाताने मोडली. जॅक्सन एकटे नव्हते. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराने १९५९ च्या पहिल्या दिवसापासून सगळ्या सार्वजनिक बागा बंद केल्या. पुढे काही वर्षांनी बागा उघडल्या, पण ओक पार्कमधला बुजवून टाकलेला तलाव पुन्हा बांधला गेला नाही. महाडचे चवदार तळे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला इथे एक फरक जाणवेल. महाडच्या सनातन्यांनी १९२७ मध्ये तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करून पाणी आपल्यापुरते राखण्याचा खटाटोप केला; माँटगोमेरीच्या गोऱ्यांनी स्वतःचेही पाणी तोडले. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर याच्याही पुढे मजल मारली. शाळांमध्ये मिश्र वर्ग नकोत म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे त्याने सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. तिथे जाणे ज्यांना जमले नाही, अशी काही गरीब गोरी मुलेही शाळेबाहेर राहिली. कृष्णवर्णीय मुलांचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. एका पिढीची पाच वर्षे गेली.

या पुस्तकाचा विषय अशा घटनांमधून उगवतो. वर्णद्वेष हा नैतिक गुन्हा आहे, त्याचे बळी ठरलेल्यांचे नुकसान अमाप आहे, हे सांगणारे लेखन मराठीतही पुष्कळ आहे. त्या नुकसानीचा एक भाग गुन्हा करणाऱ्याच्या घरातूनही कसा वसूल होतो, आणि भिंत ओलांडून माणसे एकत्र आली तर पगारात, इस्पितळांत, शाळांत त्याचा हिशेब कसा दिसतो, याविषयीचा अभ्यास मात्र मराठी वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. २०२१ साली हेदर मॅकगी यांचे ‘द सम ऑफ अस’ हे पुस्तक आले आणि हा विचार अमेरिकेत घरोघरी पोहोचला. बुजवलेले तलाव हे त्यांचे मध्यवर्ती उदाहरण. एकाचे भले झाले की दुसऱ्याचे वाटोळे झालेच पाहिजे, या समजुतीची किंमत सगळा देश मोजतो, अशी त्यांची मांडणी आहे. मात्र विचार त्यांच्यापासून सुरू होत नाही. त्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात भांडणेही भरपूर आहेत.

या परंपरेचा पहिला मोठा लेखक स्वतः वर्णद्वेष्टा होता, ही गमतीची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनाचा हिंटन हेल्पर याने १८५७ मध्ये ‘द इम्पेंडिंग क्रायसिस ऑफ द साउथ’ हे पुस्तक लिहिले. १८५० च्या जनगणनेचे आकडे मांडून त्याने दाखवले, की गुलामगिरीमुळे दक्षिणेतली शेती, कारखाने, शाळा, वाचनालये उत्तरेच्या फार मागे पडली आहेत आणि गुलाम न बाळगणाऱ्या बहुसंख्य गोऱ्यांना मूठभर जमीनदारांनी दारिद्र्यात ढकलले आहे. गुलामांविषयी त्याला तिळमात्र कणव नव्हती. दक्षिणेत या पुस्तकावर इतका संताप उसळला, की ते जवळ बाळगणेही धोक्याचे झाले. नेमकी हीच गोष्ट फ्रेडरिक डग्लस यांनी दोन वर्षे आधी आपल्या दुसऱ्या आत्मचरित्रात उलट्या बाजूने सांगितली होती. बाल्टिमोरच्या गोदीत गोऱ्या शिकाऊ कामगारांनी त्यांना बेदम मारले होते. तरीही डग्लस यांचे निरीक्षण असे, की गोऱ्या मजुराच्या मनात गुलामाविषयी वैर पेटते ठेवून मालक त्या गोऱ्या मजुरालाही जवळजवळ गुलामच करून सोडतो. एकाकडे आकडे होते, करुणा नव्हती. दुसऱ्याच्या अंगावर वळ होते आणि नजर स्वच्छ होती.

गुलामगिरी संपल्यावर हा प्रश्न कोळशाच्या खाणीत उतरला. दक्षिणेतली राज्ये तुरुंगातले कैदी खाणमालकांना भाड्याने देत. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, अनेकदा किरकोळ गुन्ह्यांसाठी पकडलेले. फुकटचे मजूर हाताशी असल्यावर मोकळ्या मजुराची मजुरी वाढवणार कोण? संप झाला तर कैदी खाली उतरवायचे, की संप संपला. टेनेसीतल्या कोल क्रीक भागात १८९१ मध्ये खाणकामगारांनी कैद्यांच्या छावण्यांवर चाल केली, कैद्यांना मोकळे सोडले आणि छावण्या जाळल्या. हे कामगार काही समतेचे पुजारी नव्हते. आपल्या ताटातली भाकरी कोणाच्या बेड्यांमुळे कमी होते आहे, हे त्यांना कळले होते. सरकारने फौज पाठवून बंड मोडले. पण १८९६ मध्ये टेनेसीला ही पद्धत बंद करावी लागली. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालू राहिली.

एकजुटीचा इतिहासही याच काळातला आहे, आणि तो भाबडा नाही. १८९२ च्या शरद ऋतूत न्यू ऑर्लीन्स बंदरातल्या तीन संघटनांनी मिळून संप केला. गाडीवानांची संघटना मुख्यतः कृष्णवर्णीय होती. माल तोलणाऱ्यांची आणि बांधणाऱ्यांची मुख्यतः गोरी. व्यापाऱ्यांनी जुनीच खेळी केली. गोऱ्या संघटनांशी करार करायला आम्ही तयार आहोत, म्हणाले, कृष्णवर्णीय गाडीवानांशी मात्र करणार नाही. गोऱ्यांनी तो देकार नाकारला. नोव्हेंबरात शहरातल्या बेचाळीस संघटनांचे सुमारे पंचवीस हजार कामगार चार दिवस सार्वत्रिक संपावर गेले. वृत्तपत्रांनी कृष्णवर्णीयांच्या काल्पनिक दंगलींच्या बातम्या छापल्या, तरी फूट पडली नाही. दहा तासांचा दिवस आणि जादा कामाचे पैसे मिळाले. संघटनेच्याच माणसांना कामावर घेण्याची मागणी मात्र सोडून द्यावी लागली. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि लवकरच त्याच गोदीत गोरे कामगार कृष्णवर्णीयांवर हत्यारे घेऊन धावले. मजुरी कोसळली, दोघांचीही. मग नव्या शतकात दोन्ही बाजूंनी शहाणपणा केला : जहाजावरचे काम निम्मे-निम्मे वाटून घ्यायचा नियम. सदिच्छांवर विसंबण्याऐवजी त्यांनी वाटणीचा करार केला, आणि तो बराच काळ टिकला.

अलाबामातल्या खाणकामगारांच्या नशिबी हे आले नाही. १९०८ च्या संपात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संपकऱ्यांची कुटुंबे तंबूंच्या एकाच वसाहतीत राहत होती. गव्हर्नर कोमर यांनी वर्णमिश्रणाचा बागुलबुवा उभा करून फौजेकडून ते तंबू कापून काढले. संप मोडला. संघटना त्या खाणपट्ट्यातून अनेक वर्षांसाठी हद्दपार झाली. सरकारला काय झोंबले असावे, मजुरीची मागणी की एकत्र राहणे? पुढच्या लेखांतून वाचकाला या प्रश्नाची दोन-तीन वेगवेगळी उत्तरे मिळतील.

विद्यापीठांमधला विचार आकाराला आला तो विसाव्या शतकात. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहिले आणि कोड्याचे एक उत्तर दिले. गोरा मजूर कमी पगारात का राबतो आणि तरी कृष्णवर्णीय मजुराशी हातमिळवणी का करत नाही? कारण त्याला पगाराखेरीज आणखी एक मोबदला मिळतो : मान. बागेत प्रवेश, पोलिसांत भरती, न्यायालयात नरमाई, मुलांसाठी बरी शाळा. हा मानाचा पगार खिशात खुळखुळत नाही, पण त्याच्या जोरावर खरा पगार दाबून ठेवता येतो. स्वीडनचे गुन्नार मिर्दाल यांनी १९४४ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन डायलेमा’ या प्रचंड अभ्यासात दारिद्र्य आणि पूर्वग्रह एकमेकांना कसे पोसतात ते दाखवले. तो ग्रंथ आज वाचताना जरा उपदेशपर वाटतो. त्यातला चक्राचा विचार मात्र पुढच्या सगळ्यांनी उचलला.

खरा तात्त्विक सामना रंगला तो गॅरी बेकर आणि मायकेल राइश यांच्यात. शिकागो परंपरेतले बेकर १९५७ मध्ये भेदभावाकडे एक ‘आवड’ म्हणून पाहतात. एखाद्याला कृष्णवर्णीयाशेजारी काम करायचे नसेल, तर ती आवड पुरवण्यासाठी तो पैसे मोजतो. त्यांच्या गणितात एकंदर उत्पन्न दोन्ही समाजांचे घटते. पण गोऱ्यांमध्ये तोटा होतो भांडवलदारांचा, आणि गोऱ्या कामगारांचा मात्र फायदा. भेदभावाची किंमत अशी मालकच मोजत असल्याने स्पर्धा वाढली की भेदभाव करणारा मालक आपोआप मागे पडेल. डाव्या परंपरेतले राइश यांनी १९६० च्या जनगणनेतली अठ्ठेचाळीस महानगरे तपासली आणि नेमके उलटे चित्र मांडले. जिथे गोरे-कृष्णवर्णीय उत्पन्नातली दरी मोठी, तिथे खुद्द गोऱ्यांमधली विषमताही मोठी होती. वरच्या गोऱ्यांचा वाटा वाढलेला, खालच्यांचा आक्रसलेला. संघटना फुटतात, सार्वजनिक सेवा रोडावतात, आणि त्याची झळ गोऱ्या कामगारालाच लागते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे इतकी विरुद्ध असण्याचे कारण असे, की बेकर यांच्या चित्रात कामगार संघटना आणि सरकार जवळजवळ नाहीतच, आणि राइश यांच्या चित्रात तीच दोन पात्रे नायक आहेत. या पुस्तकाचा कल राइश यांच्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी बेकर यांच्यावाचून ही चर्चा सुरूच झाली नसती.

त्यानंतर शाखा फुटत गेल्या. एडमंड फेल्प्स आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की मनात द्वेष नसतानाही केवळ अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधणारा मालक भेदभाव करतो. आलेसिना, बकीर आणि ईस्टरली यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतली शहरे आणि परगणे तपासून निष्कर्ष काढला, की वांशिक विभागणी जितकी जास्त, तितका रस्ते, शिक्षण यांसारख्या सार्वजनिक गोष्टींवरच्या खर्चाचा वाटा कमी. आपल्या कराचा पैसा ‘त्यांच्या’ मुलांवर जातो आहे असे वाटले की माणूस कर द्यायला नाखूष होतो. या निष्कर्षाचा वापर ‘विविधता म्हणजेच अडचण’ असे म्हणण्यासाठीही झाला आहे, आणि तो उथळ आहे. विभागणी आभाळातून पडत नाही; ती कायद्याने, घरांच्या कर्जांनी, मतदानाच्या नियमांनी घडवली जाते.

नुकसान मोजण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत वाढले. श्येह, हर्स्ट, जोन्स आणि क्लेनाऊ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक साधी गोष्ट धरून हिशेब केला : १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टर आणि वकिलांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते, २०१० मध्ये ६२ टक्के. बुद्धी काही एकाच रंगात आणि एकाच लिंगात जन्माला येत नाही. तेव्हा पूर्वी किती हुशार माणसे चुकीच्या कामाला जुंपली गेली होती? त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या पन्नास वर्षांतल्या दरडोई उत्पादनवाढीचा २० ते ४० टक्के हिस्सा ही गुणवत्ता योग्य जागी पोहोचल्यामुळे आला. २०२० मध्ये सिटीग्रुपच्या अहवालाने वीस वर्षांत कृष्णवर्णीयांबाबतच्या भेदभावाने १६ लाख कोटी डॉलर बुडाले असे म्हटले. हा आकडा सगळीकडे छापला गेला. असे आकडे गृहीतकांवर उभे असतात. ते दिशा दाखवतात, पावती नव्हेत.

फायद्याची बाजू पाहायची तर गॅव्हिन राइट यांचे ‘शेअरिंग द प्राइझ’ (२०१३) वाचावे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दक्षिणेतल्या गोऱ्यांचे काही गेले नाही; उलट उद्योग, पर्यटन, गुंतवणूक वाढून त्यांचीही भरभराट झाली, असा त्यांचा निष्कर्ष. साउथ कॅरोलिनाच्या कापडगिरण्यांचे उदाहरण बोलके आहे. १९१५ च्या कायद्याने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांना गिरणीत एका खोलीत काम करायला बंदी होती. १९६५ च्या सुमारास ही कोंडी फुटली आणि मजुरांच्या टंचाईने हैराण झालेल्या मालकांना माणसे मिळाली. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास जाणणाऱ्याला यावरून काय आठवेल ते उघड आहे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या प्रदीर्घ संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली. एकजूट हवी, पण साच्यावरची जागा सोडायची नाही.

हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या अर्जाविषयी चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावावरून. जातिव्यवस्था ही श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी आहे, हा आंबेडकरांचा १९३६ मधला मुद्दा राइश यांच्या आकडेवारीशेजारी ठेवून वाचला, तर दोघे एकाच कारखान्याची पाहणी करून आल्यासारखे वाटतात.

परदेशातल्या मराठी माणसालाही हा विषय परका नाही, जरी त्याला तसे वाटत असले तरी. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना ‘गोरे’ मानायला नकार दिला आणि भारतीयांचे नागरिकत्व अडवले. दार नीट उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर आला. न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या मराठी मंडळांच्या पाठीमागे अलाबामातल्या मोर्चेकऱ्यांचा घाम आहे. त्याची जाणीव त्या मंडळांच्या स्मरणिकांत क्वचितच दिसते. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली तेव्हा झालेल्या वादात आपल्यातल्या काहींनी घेतलेली बाजू त्या ऋणाला शोभणारी नव्हती.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर अमेरिकेतल्या वाऱ्यात आहे. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यावर कंपन्यांनी समतेची आश्वासने दिली. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी कंत्राटदारांना भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६५ चा आदेश रद्द केला. ‘त्यांना मिळाले म्हणून आमचे गेले’ हा सूर पुन्हा चढा आहे. त्याच वेळी संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकून पडले आहे, गोऱ्यांसाठीही.

तरी ‘सगळेच हरतात’ हे वाक्य जपून वापरायला हवे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम डॅरिटी आणि त्यांचे सहकारी या मांडणीवर ठाम आक्षेप घेतात. त्यांच्या मते वर्चस्वाचे फायदे खरे असतात. माणसे भ्रमात राहून नव्हे, हिशेब करून भेदभाव करतात. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. एवढी तफावत असताना दोघांचा तोटा एका ओळीत लिहिणे अप्रामाणिक ठरेल. गहाण कर्जांच्या घोटाळ्यात हेच दिसले. कंट्रीवाइड या कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांकडून जादा शुल्क घेतल्याच्या किंवा त्यांना महाग कर्जाकडे वळवल्याच्या प्रकरणात २०११ मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. अशीच महाग कर्जे गोऱ्या वस्त्यांतही पोहोचली आणि २००८ मध्ये सगळी अर्थव्यवस्था कोसळली. पण आधी आणि जास्त बुडाले कोण, हे विसरून चालणार नाही. या संग्रहाने म्हणूनच दोन रकाने ठेवले आहेत : सामायिक तोटा आणि असमान तोटा. लेखकांचे एकमेकांशी सगळीकडे पटत नाही, आणि संपादनात ते जुळवून घेण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

एकजुटीच्या बाबतीतही पुस्तक विजयगाथा सांगत नाही. शिकागोच्या खाटीकखान्यांतल्या संघटनेने १९१९ च्या दंगलीनंतरचा विध्वंस पचवून १९३० च्या दशकात गोरे-कृष्णवर्णीय कामगार एकत्र बांधले आणि पगार वर नेले. मिसिसिपीत कँटन इथल्या निसान कारखान्यात मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये कामगारांनी १,३०७ विरुद्ध २,२४४ मतांनी संघटना नाकारली. न्यूयॉर्कच्या झटपट खाद्यगृहांतल्या नोकरांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये तासाला पंधरा डॉलरची मागणी केली तेव्हा तिची टिंगल झाली. साडेतीन वर्षांत त्या राज्याने कायदा केला. एक मोहीम जिंकते, दुसरी का हरते, याची कारणे शोधताना लेखकांनी भावनेपेक्षा नियम, कंत्राटे, मतपत्रिका आणि मालकांचे डावपेच यांकडे जास्त पाहिले आहे.

शेवटच्या भागातल्या महाराष्ट्रावरच्या लेखांबद्दल एक सूचना. कोकणात खोतांविरुद्ध कुणबी आणि महार कुळे एकत्र आली, जानेवारी १९३८ मध्ये त्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. न्यू ऑर्लीन्सच्या जोडीला ठेवण्याजोगी ही उदाहरणे आहेत. पण चारच वर्षांत, क्रिप्स शिष्टाईनंतर, स्वतंत्र मजूर पक्ष मागे पडला आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. घटनेच्या वाटाघाटींत कामगाराला खुर्ची नव्हती, जमातीला होती. आघाडी का टिकली नाही याचे खापर आंबेडकरांवर फोडणारे लेखन मराठीत विपुल आहे. इथल्या लेखांनी ब्रिटिशांच्या त्या खुर्च्यांच्या मांडणीपासून सुरुवात केली आहे.